पावसाआधीचा म्हापसा

मी पुण्यात राहतो, पण म्हापशातल्या आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटात अजून आहे. आमच्या नगरसेविका तिथे नेमाने कामांची खबर टाकतात: अमुक गल्लीत पेव्हर बसवले, रविवारी आरोग्य शिबिर आहे, ओला-सुका कचरा वेगळा ठेवा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांनी गटारे उपसल्याचे सहा फोटो टाकले. मी ऑफिसात बसून लिहिले, "फोटो दरवर्षी येतात आणि गल्लीत पाणीही." संध्याकाळी बाबांचा फोन आला. "थंय बसून बरोवप सोंपें. येवन पळय रे!" एवढेच म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी म्हापशाला उतरलो. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे बाजाराचा दिवस. बार्देशातलीच नव्हे, तर पेडणे-डिचोलीकडची माणसेही या दिवशी म्हापशाला येतात. मे महिन्यात या बाजाराला वेगळीच घाई असते, कारण पुरुमेंत भरायचे असते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ईस्टरनंतर मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त येते. त्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. तेव्हापासूनच या खरेदीला रंग चढतो. सुकी मासळी, कांद्यांच्या माळा, आमसुले, चिंच, हरमलच्या मिरच्या असे सगळे घरात भरून ठेवायचे. गोव्यात वर्षाला सुमारे 3 हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा तयारी करायची ती आधीच.

बाबांच्या हातातली पिशवी घेऊन मी चालू लागलो, तर ते घराकडे न वळता गल्लीच्या वरच्या टोकाला गेले. तिथे नगरसेविका दोन कामगारांसह उभ्या होत्या. त्या 2021 च्या निवडणुकीत निवडून आलेल्या. त्या वर्षी म्हापशासह पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. महिलांना किमान एक-तृतीयांश जागा हव्यात, हा त्यातला मोठा मुद्दा होता. मार्चमध्ये निकाल लागला, एप्रिलमध्ये मतदान झाले. मला पाहून त्या हसल्या. "गटात लिहिणारा तो तूच ना? चल, आता चालत बघू."

आम्ही उताराने खाली निघालो. म्हापसा टेकड्यांच्या उतारांवर वसलेले शहर आहे. वरचे पाणी गटारांतून खाली तार नदीकडे जाते आणि ती नदी पुढे मांडवीला मिळते. नदीत भरतीचे पाणी चढते. त्यामुळे मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खालच्या भागातले पाणी लवकर ओसरत नाही. तारांवर आलेल्या फांद्या दाखवून त्या म्हणाल्या, "यासाठी वीज खात्याच्या मागे लागावे लागते." पुढचा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. शहराची लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास आणि प्रभाग 20, म्हणजे एका नगरसेवकाकडे सरासरी 2 हजार माणसे. त्या माणसांना ही खाती वेगवेगळी दिसत नाहीत. लाइट गेली, नळाला पाणी आले नाही, रस्त्यात खड्डा पडला की फोन नगरसेविकेलाच.

फोटोतली गटारे खरोखरच साफ होती. मी मुद्दाम वाकून पाहिले. मग पाणी कुठे साचते?

बाबा काही बोलले नाहीत. ते आमच्याच फाटकासमोर थांबले.

चार वर्षांपूर्वी मी पैसे पाठवून घरासमोरचे अंगण काँक्रीटचे करून घेतले होते. गाडी उभी करायला सोय होईल, पावसाळ्यात चिखल होणार नाही, असा हिशेब. पूर्वी पागोळ्यांचे पाणी अंगणातल्या लाल मातीत मुरायचे. आता छपराचे आणि अंगणाचे सगळे पाणी घसरत गल्लीत येत होते. वरच्या बाजूच्या तीन घरांनीही आमचे पाहून तसेच केले होते. गटार होते तेवढेच, पाणी मात्र कितीतरी वाढले होते. ते साचत होते समोरच्या आजींच्या पायरीशी. याच आजींनी मला लहानपणी चवथीच्या करंज्या खाऊ घातल्या होत्या.

"आधी का नाही सांगितलेत?" मी बाबांना विचारले.

"तू हौसेने केले होतेस," ते म्हणाले.

त्या रात्री मी गटात आणखी एक संदेश लिहिला. आधीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि पाणी आमच्या अंगणातून येते, हेही लिहिले. हे लिहायला मला पहिल्या संदेशापेक्षा फार जास्त वेळ लागला. सोमवारी गवंडी आला. कडेचे दीड हात काँक्रीट फोडून माती मोकळी केली, आणि पागोळ्यांच्या पाण्यासाठी दगड-रेती भरून शोषखड्डा केला. नगरसेविकांनी त्याचा फोटो गटात टाकला, घराचे नाव न घालता. महिनाअखेरीस वरच्या दोन घरांनीही अंगण फोडले. तिसऱ्याने अजून फोडलेले नाही.

जुलैत एका रात्री धो-धो पाऊस झाला. सकाळी बाबांनी समोरच्या पायरीचा फोटो पाठवला. पाणी आले होते, पण पायरीच्या खालीच थांबले होते. आजींच्या चपला वर कोरड्या होत्या.

मी अजूनही पुण्यातच आहे आणि गटातही आहे. गटारांचे फोटो आले की आता आधी बाबांना फोन करतो.