आरपार दगड

दगडी घराच्या दुरुस्तीला गेलो की मालक आधी भिंतीची जाडी दाखवतो. शिरूर कासारच्या जुन्या गावठाणात अडीच-तीन फुटांची भिंत नवलाची नाही. "सायेब, किल्ल्यावानी हाय," म्हणत तो तिच्यावर थाप मारतो. मी तोवर दाराच्या चौकटीपाशी वाकलेला असतो. आतला दगड बाहेरच्या दगडाला धरून आहे की नाही, हे तिथंच दिसतं.

बहुतेकदा धरून नसतो. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये बारीक दगड नि मातीची भर. आपला काळा दगड छिन्नीला चिवट, म्हणून पाथरवट दर्शनी तोंड तेवढं घडवायचा. मागचं शेपूट निमुळतं राहायचं. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड म्हणजे जास्तीची मजुरी. इंग्लंडातल्या कॉट्सवोल्डचा चुनखडीचा दगड खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, पुढे टणक होतो. तिथं घडाई सोपी. तरी तिकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतही अशी भर सापडतेच. उत्तर इंग्लंडात मात्र शेताच्या कडेची, मातीचुन्याविना रचलेली भिंतसुद्धा मध्येमध्ये आरपार दगड घालून बांधतात. तिथल्या शेताला मिळालं ते आपल्या राहत्या घराला मिळालं नाही, याची मला चुटपुट लागते.

माळवद गळलं की पाणी या भरीत उतरतं. माती खाली बसते, बारीक दगड आतून रेटतात आणि भिंत पोट काढते. लोक बाहेरून सिमेंटच्या दर्जा भरतात. पोट झाकलं जातं, ओल आतच कोंडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात अशाच भिंतींची दोन तोंडं फाकली. विसर्जनाची रात्र सरत होती, लोक झोपेत होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. वरच्या मातीचं ओझंही भयंकर होतं. गळतीवर उपाय म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी उतरवायचा नाही. काही घरांत मात्र भिंती पडूनही खणाचे लाकडी खांब माळवद पेलून उभे राहिले.

भारतीय मानक १३८२८ त्याच वर्षीचं. अशी दगडी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, दर ६० सेंटिमीटर उंचीला आरपार दगड हवेत, आणि दोन दगडांत आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको, असं ते सांगतं. मालकाला ज्या जाडीचा अभिमान, तीच तिथं दोष ठरते. हे सांगताना मी सूर जरा खाली ठेवतो.

काम वरून सुरू होतं. आधी माळवदाला आतून टेकू, मग वीतभर थर ठेवून बाकीची माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक पाडायचं, सळई घालून काँक्रीट भरायचं. लांब दगड मिळाला तर मी तोच पसंत करतो. पण आता तसा घडवून देणारा हात शोधावा लागतो.

खरा वाद पुढे होतो. माती उतरलीच आहे, तर स्लॅब टाकू, असं घरातली तरणी मंडळी म्हणतात. मातीत रचलेल्या या भिंतींवर स्लॅब मी टाकत नाही. हवाच असेल तर पायापासून काँक्रीटचे खांब उभे करावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकला की म्हातारे आजोबा सागवानी खांबाकडे बोट करतात, "मग ह्यो काय करतोय?" मी खांबाचा बुंधा टोचून बघतो. वाळवी नसेल, तर आजोबांची बाजू घेतो.