कळा आणि खजुराचं खोड

सूरह मरयम मला तोंडपाठ होती. २००५ साली थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा अम्मीने लेबर रूमच्या दाराशी कानात सांगितलं, "मरयम पढत राहा." मी पढले. पण कशी, तर लोखंडी टेबलावर उताणी, हाताला सलाईन, अम्मी बाहेर बाकड्यावर. खाली उतरते म्हटलं की सिस्टर ओरडायच्या, "गप पडून राहा!" पाणी मागितलं, तेही नाही. नऊ तास.

शाळेत एकेका लफ्जावर मुलांना अडवणारी मी, त्या आयतींत काय घडतंय हे मला उमजलंच नव्हतं. कळा हजरत मरयमना खजुराच्या झाडापाशी घेऊन जातात. याआधीच मेले असते तर बरं, असं त्या म्हणून जातात. (आमच्याकडे बाळंतीण जरा कण्हली तरी "सब्र कर!") त्यावर त्यांना रागावलं जात नाही. पायाशी झरा आहे, हे खोड आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, असं सांगितलं जातं. हलव! कळा सोसणाऱ्या बाईला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीही वेगळं सांगत नाहीत. गुंतागुंत नसेल तर बाईला हिंडूफिरू द्या, उभं-बसतं राहू द्या, खाऊ-पिऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. रक्तस्राव, वाढलेलं बीपी, बाळाच्या ठोक्यांची काळजी असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच.

गेल्या वर्षी भाचीबरोबर मला आत जाऊ दिलं. आम्ही व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. कळ आली की ती माझ्या गळ्यात हात टाकून झुलायची, मी तळहाताने तिची कंबर दाबून धरायची. कळ ओसरली की दोन घोट पाणी, अर्धा खजूर. दमली की डाव्या कुशीवर. मधूनमधून सिस्टर येऊन ठोके ऐकून जायच्या. "खाला, सोडू नकोस," एवढंच ती म्हणत होती. माझे खांदे चार दिवस दुखत होते.

खजुराचा डबा आणून देणाऱ्या माझ्या थोरल्याने नंतर घरी विचारलं, "माझ्या वेळी नानीने तुला असंच धरलं होतं?"

मी काही बोलायच्या आत अम्मीच म्हणाली, "मला आत कुठे येऊ दिलं, बाळा."