टाका आणि माशे

१. मराठीत टाका सगळीकडे चालतो: गोधडीला, जखमेला, स्वेटरला. जर्मनला दोन शब्द लागतात. सुई कापडात घुसते तो श्टिश. धाग्याचा फास धाग्यातच अडकतो तो माशे.

२. गांधीलमाशीचा डंखही श्टिश. पत्त्यांत जिंकलेला हातही श्टिशच.

३. मासेमारीच्या जाळ्यातलं भोकसुद्धा माशे. आपले कोळी त्याला आस म्हणतात.

४. सुलट टाका म्हणजे 'रेश्टे माशे', उजवा. उलट टाका 'लिंके', डावा. दोन उजवे, दोन डावे: स्वेटरच्या काठाची वीण. कापडाची उलटी बाजूही डावीच.

५. क्रोशाच्या साखळीतला एकेक टाका 'लुफ्टमाशे', हवेतला टाका. खरंच, खाली काही नसतं. त्याला धरून असतो तो फक्त मागचा टाका. सुईवर आधी एक वेढा घ्यायचा, धागा ओढायचा, मग फास दोन-दोन करून काढायचे, की 'श्टेबशेन' उभं राहतं, छोटी काठी. आपण खांब म्हणतो. आधीचा वेढा घेतलाच नाही, तर जर्मन म्हणते 'फेस्टे माशे', घट्ट टाका. आपला मुका खांब. इथे मला मराठी जास्त आवडते. घट्ट म्हटल्यावर धाग्याचा ताण कळतो. मुका म्हटलं की तो बुटका, दबून बसलेला टाका डोळ्यांसमोर येतो.

६. हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात बुक्स्टेहुडेची चित्रमय वेदी आहे, साधारण १४०० सालची. तिच्यावरच्या एका चित्रात मेरी बाळाचा सदरा गोल विणते आहे. अंग झालंय, बाह्या झाल्यात, गळा चालू आहे. बाळ गवतावर पुस्तक घेऊन पहुडलंय. मागून देवदूत क्रूस आणि भाला घेऊन आलेत. सदऱ्याला शिवण नाही. श्टिश एकही नाही, सगळे माशे.

७. लाउफमाशे, पळता टाका: पायमोज्यावर सरसर उसवत जाणारी रेघ.

८. फसवण्याची ठरलेली युक्ती, तीही माशे. ऑस्ट्रियात माशे म्हणजे फितीचं फूल.

९. माशेनप्रोबे, टाक्यांची चाचणी. स्वेटरआधी चौकोन विणायचा आणि १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजायचे. स्वेटरच्या कृतीत २० होते, माझे २२ आले. उसवलं. जाड सुया काढल्या.