दहापैकी दहा

माझ्या वहीत प्रत्येक अल्बमच्या नावापुढे दहापैकी गुण लिहिलेले आहेत. नियम एकच: पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकायचं, मधलं रटाळ गाणं गाळायचं नाही आणि मगच पेन उचलायचं. रेडिओहेडचा ‘इन रेनबोज’ साधारण 42 मिनिटांचा. वाळूजहून सुटलेली कंपनीची बस नगरनाक्याच्या गर्दीतून वाट काढत बाबा पेट्रोल पंपाला येते, तेवढ्यात तो पुरा होतो. 2007 साली या मंडळींनी तो थेट स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. त्या विश्वासाचा अर्धा गुण धरून नऊ.

लंडन-न्यूयॉर्कच्या समीक्षकांचे गुण मी आवडीनं वाचतो, पण उतरवून घेत नाही. त्यांचे कान त्यांच्या गावात तयार झाले, माझे इथे. बॉन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ जस्टिन व्हर्ननने विस्कॉन्सिनच्या रानातल्या, वडिलांच्या शिकारीच्या खोपीत, ऐन हिवाळ्यात रेकॉर्ड केला. स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत एका माणसानं अख्खा समूह उभा केलाय. कारागिरी थक्क करणारी. पण तो बर्फातला एकांत मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये माझ्यापर्यंत पुरता पोचत नाही. साडेसात.

पैकीच्या पैकी एकालाच: इंडियन ओशनचा ‘कंदिसा’, 2000 सालचा. गाणी सातच, पण कुठल्या कुठल्या मातीतून आलेली! शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी अरमाईक प्रार्थना. ‘हिल्ले रे’ गोरख पांडेंची कविता. ‘मा रेवा’ नर्मदाकाठचं लोकगीत. बँडमधला राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेला, त्या काठाशी त्याचं जुनं नातं. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचा, आणि सुस्मित सेनची गिटार त्याच्या अवतीभवती सावकाश फिरत राहायची. 2009 मध्ये असीम गेला. तो आवाज आता रेकॉर्डिंगमध्येच.

‘मा रेवा’त तक्रारीचा एक शब्द नाही. पाण्याचं कौतुक आहे, धृपद पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी ते जास्त जड होत जातं. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं. पैठणच्या त्या धरणाची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चं. नाथसागर या त्याच्या जलाशयाच्या पोटात गोदाकाठची गावं गेली. त्या गावांतली माणसंही नदीला आईच म्हणत असणार. ते पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला हे गाणं नुसतं सुरेल वाटून भागत नाही. माझे दहा गुण त्या जडपणाला आहेत.

परवाझच्या ‘बारन’ला नऊ. 2014 चा हा अल्बम बंगळुरूत वाढलेल्या बँडचा, पण गळा काश्मीरचा. खालिद अहमद स्वर लांबवतो तेव्हा गिटारी मागे सरकून त्याला वाट देतात. गाण्यांतली काश्मिरी मला कळत नाही. उर्दू मात्र वली आणि सिराज या शायरांच्या शहरात राहणाऱ्याला परकी कशी वाटेल? सिटी चौकात ती रोज कानावर पडते.

आणि कुणाचं प्रायोजकत्व न घेता स्वतःच्या बळावर गाणं, हे या शहराला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभं राहा. वामनदादा कर्डकांची परंपरा सांगणाऱ्या गायन पार्ट्या पेटी-ढोलकीवर रात्र जागवतात. हे आमचं मूळचं इंडी संगीत, आणि त्याला हे नाव देताना मला जराही संकोच वाटत नाही. तोच ठसका आता रॅपमध्ये उतरलाय: अमरावतीचा 100 आरबीएच आपल्या वऱ्हाडी ढंगात थेट जातीवर बोलतो, मुंबईच्या ‘स्वदेसी’नं प्रकाश भोईर यांच्यासोबत आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं.

मराठवाडी बोलीतला असा सलग अल्बम मला हवा आहे. दुष्काळ, वाळूजची पाळी, गुलमंडीची संध्याकाळ, सगळं त्यात मावेल. इथल्या पोरांनी एकेक गाणं सुटं सोडण्यापेक्षा दम धरून तो करावा. मी पूर्ण किमतीला घेईन, आणि चार मित्रांनाही घ्यायला लावीन.