कानपूरची तेरा वर्षे

बदलीचा हुकूम हाती पडला, की केंद्र सरकारच्या नोकरीतील माणूस आधी नशिबाला बोल लावतो आणि मग गाडीची तिकिटे शोधू लागतो. आम्हीही त्याला अपवाद नाही. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो, पोटासाठी परीक्षा देऊन लिपिक झालो, आणि एम. एस्सी. करण्याचा बेत दर बदलीच्या वेळी पुस्तकांच्या पेटीत बांधून ठेवीत आलो. आता चार वर्षांनी कानपूरहून बंगळूरला जाण्याचा हुकूम आला आहे. सामान आवरताना सौ. म्हणाली, "अहो, ही रसायनाची पुस्तके आणखी किती गावे हिंडवायची?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

त्याच वेळी प्रा. सी. एन. आर. राव आठवले, कारण कानपूर ते बंगळूर ही वाट तेही १९७६ साली चालून गेले होते. जन्म बंगळूरचा, १९३४ सालचा. पदवी म्हैसूर विद्यापीठाची, एम. एस्सी. काशीची आणि १९५८ ची डॉक्टरेट अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची. १९५९ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अधिव्याख्याते झाले. आणि १९६३ साली जन्मगाव सोडून कानपूरच्या नव्या आय. आय. टी.त आले. येथे ते तेरा वर्षे राहिले.

त्यांचा विषय घन पदार्थांचे रसायन. ज्यांचे मोल बळकटीवरून नव्हे, तर ते काय करून दाखवितात यावरून ठरते, अशा पदार्थांच्या मागे ते लागले. व्हॅनेडियमचे एक ऑक्साइड पाहा: एरवी ते विजेला अडविते, सुमारे ६८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापविले, की तेच धातूसारखी वीज वाहून नेते. घटक तेच असतात; अणूंची मांडणी किंचित सरकते आणि स्वभाव पालटतो.

कानपूरच्या दिवसांत त्यांनी तांबे व लँथॅनम यांच्या ऑक्साइडासारख्या, थरांवर थर रचलेल्या ऑक्साइडांतून वीज कशी वाहते, हे तपासले. त्या वेळी जगाचे लक्ष तिकडे नव्हते. पुढे १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांना याच कुळातील एका पदार्थात, विलक्षण थंडीत, विजेचा अवरोध पार नाहीसा झालेला आढळला. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. त्या १९८७ सालीच यिट्रियम, बेरियम व तांब्याच्या ऑक्साइडाने द्रवरूप नायट्रोजनहून कमी थंडीत तोच चमत्कार दाखविला. राव तोवर बंगळूरला परतून स्वतंत्र विभाग उभारून बसले होते. त्या धावपळीत त्यांचे सहकारी तत्काळ उतरले, कारण वाट ओळखीची होती. पुढे १९९४ पर्यंतचे संचालकपद, दीड हजारांवर शोधनिबंध, २०१४ चे भारतरत्न, हे सर्वश्रुत आहे.

आमचे मन लगेच म्हणाले, त्यांचे जाणे स्वेच्छेचे, आमचे हुकमाचे. त्यांच्या हाती प्रयोगशाळा, आमच्या हाती आवक-जावक नोंदवही. हे खरेच आहे. परंतु एक गोष्ट झोंबते. कानपूरचे बंगळूर होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आम्ही मात्र चार वर्षे येथे फलाटावर बसल्यासारखी काढली. पुस्तकांची पेटी एकदाही उघडली नाही आणि दोष बदलीला दिला. बदलीने आमची वर्षे नेली नाहीत. ती आम्हीच न जगता ठेवून दिली.

सौ.ला आम्ही उत्तर दिले नाही. पेटीतून पुस्तके काढली आणि प्रवासात हाताशी राहतील अशी, कपड्यांच्या वर, ठेवली. तिने पाहिले, आणि काही न बोलता दोरी आमच्या हाती दिली.