पाठीवरची थाप

३ एप्रिल
वसमतच्या मोंढ्यात आज हळदीची आवक दांडगी. चुलतभावाच्या, दादाच्या ढिगाला माझ्यापेक्षा चढा भाव लागला. बांधाला बांध, कॅनॉल एक. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्यांचं, भाव मात्र ज्याचा त्याचा! चारचौघांत दादाच्या पाठीवर थाप मारली. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, "पित्त झालं का?" हो म्हटलं. पित्त सांगता येतं.

४ एप्रिल
पहाटे बसलो. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यना शिकलो तसं. तिथं पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. विकार उठला की अंगात काय होतं ते पाहायचं. हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही. दादा डोळ्यांपुढे आला की जबडा आवळतो, छातीत ऊन चढतं. मी घाईनं 'त्याचं भलं होवो' म्हणू लागलो. ही शुद्ध पळवाट. सगळ्यांचं भलं चिंतायची मंगल मैत्री शिबिरात दहाव्या दिवशी शिकवतात, ते उगाच नाही.

६ एप्रिल
औंढा नागनाथला जाऊन आलो. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथंच, असं सांगतात. त्याआधीची गोष्ट मला जास्त जवळची. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभार थापटण्यानं जमलेल्या संतांपैकी एकेकाचं डोकं ठोकून पाहतात. बाकीचे गप्प, नामदेव चिडतात; मडकं कच्चं ठरतं. नामदेव नरसीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, जन्म १२७०चा. एवढ्या थोर माणसाची ही चिडचिड वारकऱ्यांनी झाकली नाही, कीर्तनात अजून रंगवून सांगतात. आम्हाला मात्र लहानपणापासून शिकवण एकच: मत्सर हा शत्रू, त्याला मारा. मारायला निघालं की तो लपतो, आणि मग हसून पाठीवर थाप मारतो.

९ एप्रिल
आज जबडा सैल झाला तसं खालचं वर आलं: 'याला शेती जमायची नाही.' वडिलांचा आवाज. दादाशी वैर नव्हतंच, भीती होती. तिच्याकडे पाहत राहिलो. गेली नाही. जावी म्हणून बसणं हेही हाकलणंच. पण तिला जागा दिली म्हणजे जिभेला मोकळं रान दिलं, असंही नाही.

१० एप्रिल
दादाकडे गेलो. म्हटलं, "दादा, त्या दिवशी तुझा भाव ऐकून पोटात दुखलं माझ्या." तो हसला, "मागच्या साली माझ्या दुखलं होतं." पुढच्या हंगामात दोघांनी मिळून एकच कुकर लावून हळद शिजवायची ठरली. डिझेल निम्मं निम्मं.