मंडालेच्या सालातली मोटार

"लोकमान्य मंडालेला होते ना, तेव्हाची ही आमची मोटार," असं म्हणत नारायण पेठेतल्या एका काकांनी खाकी पाकिटातून फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. वाडा पुनर्विकासाला जायचा होता. ट्रंका बाहेर निघाल्या, त्यांतल्या एकीत हा फोटो सापडला. नव्या इमारतीच्या दारात तो मोठा करून लावायचा आणि खाली साल टाकायचं, असं घरात ठरलं होतं. साल मी पक्कं करून द्यायचं. टिळक मंडालेला होते १९०८ ते १९१४. म्हणजे काकांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी त्या सहा वर्षांतली.

जुन्या मोटारींचे फोटो वाचायचा मला नाद आहे. फोटो हातात आला की मी लगेच गाडीकडे बघत नाही. आधी पाठ, मग पुठ्ठ्याच्या कडा. खिडकीतून तिरपा उजेड घेतला की स्टुडिओचा दाबून उठवलेला शिक्का असेल तर वाचता येतो. इथे तो नव्हता. पाठीवर मात्र खालच्या बाजूला तपकिरी रेघ होती, पुराच्या पाण्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांतले अल्बम लगदा होऊन गेले. त्या पाण्यातून वाचलेला फोटो समोर आला की मी तो जरा जास्तच जपून हाताळतो.

मग माणसं. वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर टप खाली पाडलेली उघडी मोटार, तिच्यात आणि भोवती सगळं घर. पगडी घातलेले आजोबा, फूटबोर्डावर मुलं, मागच्या सीटवर नऊवारीतल्या दोघी. बॉनेटपाशी एक हात टेकून ड्रायव्हर उभा. स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे अमेरिकेहून डाव्या स्टिअरिंगच्या गाड्याही आल्या, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. भिंग लावलं तेव्हा मागच्या सीटवरच्या बाईंची नथ दिसली. ती उजव्या नाकपुडीत होती. पुरुषांच्या कोटांची बटणंही उलट्या अंगाला. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला हा फोटो होता. नंबरप्लेटवरून हे लगेच कळलं असतं, पण ती एका मुलाच्या पायांआड गेली होती आणि दिसत होता तो फक्त इंग्रजी आठ, जो आरशातही आठच दिसतो. स्कॅन करून मी फोटो पडद्यावर फिरवला. नथ डावीकडे आली, स्टिअरिंग उजवीकडे गेलं.

गाडी फोर्डची, मॉडेल टी. पुढच्या आसावर आडवी टाकलेली एकच कमानदार स्प्रिंग आणि चाकांना लाकडाचे बारा-बारा आरे. बाकीच्या बहुतेक गाड्यांना पुढे दोन स्प्रिंगा असत, चाकांच्या दिशेने उभ्या बसवलेल्या. उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड हिंदुस्थानात यायच्या त्या कंपनीच्या कॅनडातल्या कारखान्यातून. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघालेली ही गाडी लांबून एकसारखी दिसते. तिची सालं कळतात ती जवळून. सुरुवातीच्या गाडीचा रेडिएटर पितळी. बॉनेट जिथे संपतं तिथे १९१४ पर्यंत सरळसोट उभी फळी असे, आणि पुढचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. १९१५ च्या मॉडेलपासून त्या फळीच्या जागी गोलाई घेतलेला पत्रा आला आणि दिवे विजेचे झाले. १९१७ च्या मॉडेलला पितळ गेलं, रेडिएटरवर काळं कवच चढलं, बॉनेट आणि मडगार्ड गोलसर झाले. काकांच्या फोटोत काळं कवच होतं, गोल मडगार्ड होते, पत्र्याची गोलाई होती. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून पुण्यात आले, तेव्हा ही गाडी जन्मालाही आली नव्हती.

पण गाडीचं साल हे फोटोचं साल नसतं. जुन्या बाजारात मला एक काचेची निगेटिव्ह मिळाली होती. नदीच्या पात्रात उभी पितळी रेडिएटरची फोर्ड, कार्बाइडचे दिवे, टपाला ठिगळं. बाजूला नुसती धाव टांगलेली, आरे नाहीत की तुंबा नाही. १९०४ पासून वेल्समध्ये बनायला लागलेली मूळची स्टेपनी ती हीच. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने चिमट्यांनी जोडून गाडी पुढे न्यायची. एवढं बघून कुणीही १९१३ म्हणेल. पण गाडीच्या मागे दगडी कमानींची रांग आहे, शनिवारवाड्याकडून भांबुर्ड्याकडे जाणारा नवा पूल, तेव्हाचा लॉइड पूल. तो वाहतुकीला खुला झाला १९२३ साली. म्हणजे फोटोच्या वेळी गाडी नऊ-दहा वर्षं राबलेली होती, आणि ठिगळं तेच सांगतात. फोटोत जी वस्तू सगळ्यात अलीकडची, तिच्या आधी फोटो जाऊ शकत नाही. गाडी, पूल, विजेचा खांब, मुलाच्या पायातला बूट, काहीही असो. म्हणून 'अमुक सालचा फोटो' असं मी लिहून देत नाही, 'अमुक सालानंतरचा' असं देतो. लोकांना ते अपुरं वाटतं. माझ्या मते खोट्या नेमकेपणापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

रंगाचंही तसंच. त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल गाडी फोटोत काळी उतरते आणि आभाळी निळी पांढुरकी. अशा फोटोंना हल्ली संगणकावर रंग भरून घेतात आणि पुढे तोच खरा मानतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. काकू झाल्या नाहीत. "म्हणजे आमच्या आजेसासूबाई उगाच सांगायच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या काय सांगायच्या ते मला जसंच्या तसं सांगा." काकू विचार करून म्हणाल्या, "नवी नवरी म्हणून त्या या घरात आल्या तेव्हा मोटार होती. रात्री मोटार दारात उभी राहिली की दिव्यांचा लसणीसारखा वास माजघरापर्यंत यायचा म्हणे. त्यांना मळमळायचं."

मी खुर्चीत सरळ झालो. बाजारी कार्बाइडवर पाणी पडलं की निघणाऱ्या गॅसला हाच वास येतो, लसणीचा. तो ऐकून-वाचून कुणी घरातल्या आठवणीत घालत नाही. आणि फोटोतल्या गाडीचे दिवे विजेचे. आजेसासूबाईंची मोटार वेगळी होती, या फोर्डच्या आधीची. घरात दोन गाड्या होऊन गेल्या, फोटो एकीचाच उरला, आणि दोघींच्या गोष्टी त्या एका फोटोला चिकटल्या.

"वह्या आहेत का?" मी विचारलं. होत्या, त्याच ट्रंकेत, लाल कापडात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या. मोडी मला अडखळत वाचता येते. वरच्या वह्यांची पानं पाण्याने एकमेकांना चिकटली होती, ती ओढून काढायची नाहीत असं काकांना बजावलं. मधल्या दोन कोरड्या होत्या. शके १८३३ ची, म्हणजे १९११-१२ ची, वही उघडली आणि पावसाळ्यातल्या एका पानावर कार्बाइडचा डबा सापडला. नुसता कार्बाइड असता तर मी थांबलो असतो, कारण सायकलीच्या दिव्यांनाही तो लागे. पण दोन ओळी खाली पेट्रोलचे डबे होते. पंप यायच्या आधी पेट्रोल डब्यांतूनच विकत मिळायचं. आणि पान उलटल्यावर ड्रायव्हरच्या मनगटासाठी हाडवैद्याला दिलेली रक्कम. त्या काळी हँडल मारून गाडी सुरू करायची, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. ड्रायव्हरचं नावही त्या ओळीत होतं. काकूंनी ते मोठ्याने दोनदा वाचून घेतलं. घरात त्या नावाची कुणाला आठवण नव्हती.

फोटो लावायचा तो सुलट करून, असं ठरलं. मजकूर मी दिला: फोर्ड मॉडेल टी, फोटो १९१७ नंतरचा. त्याखाली दुसरी ओळ, घरातली पहिली मोटार याआधीची, शके १८३३ च्या वहीत नोंद. काकांना पहिली ओळ बारीक अक्षरात हवी होती आणि दुसरी ठळक. मी हरकत घेतली नाही. चिकटलेल्या वह्या आता कागद सुटे करणाऱ्या जाणकाराकडे गेल्या आहेत. पहिल्या मोटारीच्या खरेदीची नोंद त्यांत असेल तर तिचं नाव कळेल. काकूंचं म्हणणं, त्याआधी ड्रायव्हरचं नाव दुसऱ्या ओळीत घाला.